फोटो स्पर्धेची मुदत संपली, आता आवरायचं कसं? सातारा-सांगलीच्या स्वयंसेवकांसाठी

‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’साठी आपल्या भागातून फोटो गोळा करायला तुम्ही मदत केलीत, मुदत संपली आणि ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “पुढचं तुम्हीच बघा ना.” हा लेख तुमच्यासाठी आहे. स्पर्धा भरवायची कशी हे सांगणारे खूप भेटतात, आवरायची कशी हे सांगायला कुणी थांबत नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या फोटोंचं हे काम मी केलंय. त्यात कुठे अडायला होतं, ते क्रमाने मांडतो.

नव्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ऐतिहासिक स्मारकांच्या फोटोंची ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी युरोपात पसरली आणि २०१२ मध्ये भारतही त्यात उतरला. सगळे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे लेख जिथून चित्रं घेतात त्या संग्रहावर, मुक्त परवान्याखाली चढतात. म्हणजे नाव देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून ते कुणीही वापरू शकतं, अगदी धंद्यासाठीसुद्धा. प्रत्येक देशाचे आयोजक आपल्याकडचे जास्तीत जास्त दहा फोटो आंतरराष्ट्रीय परीक्षकांकडे पाठवतात. जिल्ह्याच्या गटाचं काम याच्या खालच्या पायरीवर असतं: आपल्या भागातले फोटो नीट करणं, स्थानिक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्याचा निकाल लावणं आणि हिशेब देणं.

माझ्या मते यात बक्षीस समारंभाला नको तितकं महत्त्व मिळतं. दहा फोटो पुढे जातात, बाकीचे शेकडो कॉमन्सवरच राहतात. त्यांच्याखाली चुकीच्या गडाचं नाव असेल, तर ती चूक विकिपीडियात जाते, तिथून शाळेच्या प्रकल्पात आणि तिथून पर्यटनाच्या पत्रकात. म्हणून खाली तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर मी जास्त वेळ घेतलाय. तुम्हीही घ्या.

हाताशी काय हवं

- आपल्या देशाच्या आयोजकांनी प्रसिद्ध केलेले त्या वर्षीचे नियम, छापून किंवा पीडीएफ करून
- कॉमन्सवरचं तुमचं खातं, त्यात ‘कॅट-अ-लॉट’ हे पुष्कळ फाइलींचे वर्ग एकदम बदलणारं गॅजेट चालू केलेलं
- फाइलींची यादी काढायला पेटस्कॅन आणि परीक्षणाला मोंटाज ही दोन साधनं (दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, पैसे लागत नाहीत)
- एक स्प्रेडशीट, जिच्यात बदल करायचा अधिकार दोघांनाच असेल
- दोन्ही जिल्ह्यांतल्या स्मारकांची स्पर्धेची यादी, क्रमांकांसह
- फोटोवॉकसाठी (सगळ्यांनी मिळून फोटो काढत फिरण्यासाठी) घेतलेल्या परवानगीची पत्रं, खर्चाची बिलं, नावनोंदणीचा फॉर्म
- गडकोटांची खडान्‌खडा माहिती असलेला एक माणूस. याला पर्याय नाही.

१. मुदत कुणाच्या घड्याळाने संपली ते बघा

कॉमन्सचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. समजा स्पर्धा सप्टेंबरभर आहे. कुणी १ ऑक्टोबरच्या पहाटे तीनला अजिंक्यताऱ्याचा फोटो चढवला, तर कॉमन्सच्या नोंदीत तो ३० सप्टेंबरच्या रात्री साडेनऊचा दिसतो. सुरुवातीलाही तेच. १ सप्टेंबरच्या पहाटे हौसेने चढवलेला फोटो ३१ ऑगस्टचा ठरू शकतो. नियमांत कुठली वेळ धरली आहे ते वाचा. लिहिलेलं नसेल तर देशपातळीच्या आयोजकांना मेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं “चालतंय की” दोन आठवड्यांनी कुणालाच आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी स्पर्धकांना शेवटपर्यंत पटत नाही: फोटो काढला कधी याला महत्त्व नाही, चढवला कधी याला आहे. दहा वर्षांपूर्वी काढलेला फोटो मुदतीत चढवला असेल तर चालतो.

२. यादी काढा आणि गोठवा

स्पर्धेच्या दुव्यावरून चढवलेल्या फोटोंना आपोआप त्या वर्षीचा साचा (तयार मजकुराची पट्टी) आणि वर्ग (एका विषयाच्या फाइलींचा गट) लागतो. पण कित्येक जण थेट कॉमन्सच्या मुख्य पानावरून चढवतात. ते फोटो स्पर्धेच्या वर्गात येतच नाहीत आणि मग “माझा फोटो गेला कुठं?” असा फोन येतो. पेटस्कॅनमध्ये जिल्ह्याचा वर्ग आणि स्पर्धेचा वर्ग टाकून दोन्हींत असलेल्या फाइलींची यादी मिळते. त्यानंतर मुदतीत जिल्ह्याच्या वर्गात आलेल्या, पण स्पर्धेच्या वर्गात नसलेल्या फाइली वेगळ्या काढा. त्यांना आत घ्यायचं का, हे पुन्हा वरच्या आयोजकांना विचारूनच.

यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवली की तिची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. पुढे जो फोटो बाद होईल, त्याच्यासमोर कारण आणि तारीख लिहायची. ओळ खोडायची नाही.

३. नावगाव तपासा

इथे गडकोटवाला माणूस लागतो. आपल्या दोन जिल्ह्यांत गोंधळाच्या जागा ठरलेल्या आहेत:

चंदन आणि वंदन हे शेजारी-शेजारी उभे असलेले दोन वेगळे गड. फोटोखाली ‘चंदन-वंदन’ लिहिलेलं असतं आणि चित्रात एकाच गडाचा दरवाजा असतो. कुठला ते ठरवा.

कल्याणगड म्हणजेच नांदगिरी. पाटणजवळचा दातेगड म्हणजेच सुंदरगड. खानापूर तालुक्यातला भूपाळगड म्हणजेच बाणूरगड. एकाच गडाचे फोटो दोन नावांच्या दोन वर्गांत पडले, तर लेख लिहिणाऱ्याला निम्मेच सापडतात.

वैराटगड आणि पांडवगड दोन्ही वाईच्या परिसरातले. लांबून काढलेल्या फोटोत नवख्याला फरक कळत नाही. स्पर्धकाला विचारा, कुठून काढला आणि तोंड कुठे होतं.

संगम माहुली आणि क्षेत्र माहुली कृष्णेच्या दोन काठांवर आहेत. विश्वेश्वराचं मंदिर संगम माहुलीचं. पाण्यात उतरून पलीकडचा घाट टिपणाऱ्यांच्या फोटोखालच्या ओळी हमखास उलट्या होतात.

जुनं महाबळेश्वर, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, हे बाजारपेठेच्या महाबळेश्वरपेक्षा वेगळं ठिकाण. तिथल्या कृष्णाबाई मंदिराचे फोटो ‘पंचगंगा मंदिर’ या नावाखाली येतात. दोन्ही मंदिरं जवळजवळ आहेत, पण एक नाहीत.

प्रत्येक फोटोत एवढं हवंच: स्मारकाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि यादीतला क्रमांक. मराठी मथळ्याची ओळही भरा. कॉमन्सवर प्रत्येक भाषेत ती वेगळी देता येते आणि आपल्याकडचे लोक ती रिकामीच सोडतात. ‘स्वर्गाहून सुंदर आमचा गड’ हे वर्णन नव्हे. कुठल्या बाजूचा बुरूज, कुठला दरवाजा, कुठल्या मंदिराचा सभामंडप, हे लिहिलं तर ते वर्णन.

वर्ग बदलायला कॅट-अ-लॉट वापरा. पाच-पन्नास फाइली निवडून एकदम हलवता येतात, म्हणूनच आधी दोन फाइलींवर करून बघा. फाइलीचं नाव ‘Satara1’ छापाचं असेल तर बदलायचा मोह होईल, पण परीक्षण पुरं होईपर्यंत थांबा. मध्येच नाव बदललं की तुमच्या यादीतलं नाव आणि कॉमन्सवरचं नाव जुळत नाही.

यादीत नसलेल्या जागांचे फोटोही येणार. कासच्या पठारावरची फुलं सप्टेंबरमध्येच बहरात असतात, त्यामुळे ती दर वर्षी येतात. पठार पश्चिम घाटाच्या २०१२ च्या जागतिक वारसा नोंदीत आहे, हे खरं. तरी ही स्पर्धा स्मारकांची आहे. फुलांसाठी ‘विकी लव्ह्ज अर्थ’ आहे, बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीसारख्या गोष्टींसाठी ‘विकी लव्ह्ज फोकलोर’ आहे. असे फोटो स्पर्धेतून काढा, कॉमन्सवरून काढायला लावू नका. त्यांना योग्य वर्ग द्या आणि त्या माणसाला दोन ओळींत कळवा की फोटो चांगलाय, दालन चुकलंय. कासच्या दुर्मीळ वनस्पतींच्या फोटोंत नेमके अक्षांश-रेखांश दिसत असतील, तर ते ढोबळ करायला सांगा. उपटून नेणारेही नकाशा बघतात.

४. हक्क कुणाचा ते बघा

कॉमन्सवर एखादी फाइल वगळण्यासाठी मांडली की चर्चा साधारण किमान सात दिवस चालते. म्हणून ही तपासणी परीक्षणाच्या आधी. विजेता जाहीर झाल्यावर त्याचाच फोटो वगळला गेला, तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

*फॉरवर्ड आलेले फोटो.* २०१९ च्या महापुरातले सांगलीचे फोटो इतके फिरले की ते काढले कुणी हे फिरवणाऱ्यांनाही माहीत नाही. पाण्यात उभ्या देवळांचे असे फोटो ‘स्वतःचं काम’ म्हणून चढतात. फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते शोधणाऱ्या गुगल लेन्स किंवा टिनआय यांत टाकून बघा. खूण आणखी एक आहे: फाइलीची लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणि कॅमेऱ्याची कसलीच माहिती नाही, म्हणजे फोटो व्हॉट्सॲपमधून आला. तो चोरीचाच असेल असं नाही. पुष्कळ जण स्वतःचाच फोटो व्हॉट्सॲपवरून संगणकावर घेतात. त्यांच्याकडून मूळ फाइल मागवा आणि त्याच पानावर नवी आवृत्ती म्हणून त्यांनाच चढवायला सांगा. मुदतीनंतर आलेली मोठी आवृत्ती स्पर्धेत धरायची का, ते नियम सांगतील.

*दुसऱ्याच्या खात्यावरून.* मुलाने काढलेला फोटो बापाच्या खात्यावर, मदतनिसाने काढलेला स्टुडिओच्या खात्यावर. नोकरीत असताना मालकासाठी काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, बहुतेक वेळा मालकाकडे जातो. मित्राने काढलेल्याचा मात्र मित्राकडेच राहतो. अशा वेळी ज्याचा हक्क आहे त्याने विकिमीडियाच्या परवानगी पथकाला स्वतः मेल करायचा असतो. मेलचा मसुदा तयार करून देणारं पान कॉमन्सवर आहे.

*नावाचे शिक्के.* कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत अमुकतमुक फोटोग्राफी. कॉमन्सवर अशा शिक्क्यांचं स्वागत होत नाही, परीक्षकही नाक मुरडतात. शिक्का नसलेली प्रत मागवा. फोटोग्राफरचं नाव पानावर लेखक म्हणून राहतंच, हे समजावून सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.

*पुतळे, इमारती, भिंतीवरची चित्रं.* १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ इथे उपयोगी पडतं. इमारतीचा फोटो चालतो. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचा फोटोही चालतो, त्यामुळे चौकातल्या पुतळ्यांची काळजी नको. सपाट चित्राला मात्र ही सवलत नाही. अलीकडे रंगवलेलं भित्तिचित्र हाच फोटोचा विषय असेल तर अडचण येते. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यातली जुनी चित्रं वेगळी. आपल्याकडे हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ती चित्रं त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

*फ्लेक्स.* आपल्याकडचं खरं संकट हेच. दरवाजासमोर वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर दहा चेहरे. कोपऱ्यात इवलासा दिसत असेल तर कुणी काही म्हणत नाही. अर्धं चित्र फ्लेक्सनेच भरलं असेल, तर त्यावरचे फोटो आणि मांडणी दुसऱ्या कुणाची तरी आहे. असा फोटो कापून घ्यायला सांगा, जमत नसेल तर बाद करा. स्पर्धकाला वाईट वाटतं, पण त्याने पुन्हा सकाळी जाऊन फ्लेक्स नसताना काढलेला फोटो पुढच्या वर्षी येतो.

*ड्रोन आणि संग्रहालयं.* ड्रोनचा फोटो असेल तर उड्डाणाला त्या जागी मुभा होती का, हे स्पर्धकाला विचारून उत्तर नोंदवा. औंधच्या भवानी संग्रहालयासारख्या ठिकाणी आतल्या फोटोंसाठी तिथला नियम पाळला होता का, तेही. हे प्रश्न हक्काचे नाहीत, पण निकालानंतर तक्रार आली तर उत्तर हाताशी हवं.

५. परीक्षण

परीक्षक तीन किंवा पाच, विषम संख्येत. एक फोटो जाणणारा, एक वास्तू जाणणारा, एक विकिपीडियावर लिहिणारा. नुसते फोटोग्राफर घेतलेत तर सूर्यास्त, भगवा झेंडा आणि भडक रंग पुढे सरकतात आणि ज्यात कोरीवकाम स्पष्ट दिसतं तो साधा फोटो मागे पडतो. नुसते इतिहासवाले घेतलेत तर वाकड्या क्षितिजाचा फोटो ‘दुर्मीळ’ म्हणून पहिला येतो. दोन्ही पाहिलंय.

मोंटाजमध्ये तीन तऱ्हेच्या फेऱ्या घेता येतात: हो-नाही, तारे देणं आणि क्रम लावणं. याच क्रमाने घ्या. पहिल्या फेरीत प्रत्येक फोटो किमान दोघांनी बघावा अशी सोय करा. फाइलीचं नाव परीक्षकाला दिसणार नाही, अशी सेटिंग आहे, ती लावा. परीक्षकांनी स्वतः चढवलेले फोटो, ठरावीक आकारापेक्षा लहान फोटो आणि तारखेबाहेरचे फोटो आपोआप बाद करायची सोयही आहे. साताऱ्यात काय, सांगलीत काय, फोटो काढणारे सगळे एकमेकांना ओळखतात. ‘मी ओळखत नाही’ असं कुणाकडून वदवून घेण्यापेक्षा नातेवाईक किंवा विद्यार्थी स्पर्धेत असल्यास परीक्षकाने आधीच लेखी कळवायचं आणि त्या फोटोपुरतं मत द्यायचं नाही, असा नियम ठेवा.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवर थोडं बोलायला हवं. जवळपास प्रत्येक जण एकाच जागी उभा राहतो: पायऱ्या उतरून कमानीखाली, समोर विहिरीचा घेर आणि वर महाल. एकामागून एक असे तीस फोटो आले की परीक्षक कंटाळून सगळ्यांना ‘नाही’ देतो आणि त्यातला खरा चांगलाही जातो. असे एकाच कोनातले फोटो आधी एकत्र बघायला द्या, त्यातले दोन-तीन निवडू द्या, मग ते मुख्य फेरीत टाका. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेचंही तसंच.

वेळापत्रक करताना पंचांग बघा. मुदत संपते तेव्हा नवरात्र तोंडावर किंवा चालू असतं, मागोमाग दिवाळी, आणि सांगली-कराडकडच्या परीक्षकांच्या घरी ऊसतोडीची गडबड. वरच्या आयोजकांना नावं द्यायची तारीख आधी विचारा, तिच्यातून एक आठवडा वजा करा आणि परीक्षकांना ती तारीख सांगा.

६. निकाल जाहीर करण्याआधी

वरच्या दहा फोटोंची पुन्हा तपासणी: परवाना, मूळ फाइल, क्रमांक, वर्णन. मूळ कॅमेऱ्यातली फाइल मागवून घ्या. खात्यावर ई-मेल चालू आहे का बघा. सदस्यपानावर ‘या सदस्याला ई-मेल पाठवा’ दिसलं नाही तर चर्चापानावर संदेश ठेवा आणि ठरावीक दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर पुढचा क्रमांक, पण ही अट निकालाआधीच जाहीर केलेली हवी.

देशपातळीचा निकाल लागण्याआधी ‘आमच्या जिल्ह्याचा फोटो दहात गेला’ अशी बातमी स्थानिक वर्तमानपत्राला देऊ नका. उत्साहात हे फार होतं.

७. बक्षीस आणि पैसे

बक्षीस बँकेतून द्या, रोख नको. पाच हजारांच्या वरच्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. टीडीएस कापायचा का, हे सीएला विचारून त्याचं उत्तर फाइलीत ठेवा. विजेता अठराच्या आतला असेल तर पालकांची सही आणि पालकांचं किंवा पालकांसोबतचं खातं.

सगळ्यांत मोठा सापळा परदेशी पैशाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हटलं की बाहेरून मदत मिळेल असं वाटतं, आणि एखादं मंडळ भाबडेपणाने स्वतःचा खाते क्रमांक देऊन टाकतं. भारतातल्या संस्थांना परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गणेश मंडळाच्या किंवा ट्रेकिंग ग्रुपच्या खात्यावर तो घेऊ नका. स्थानिक प्रायोजक बघा: पुस्तकं, मेमरी कार्ड, एखाद्या गडावरची अभ्याससहल. दोन्ही जिल्ह्यांत अशा गोष्टी देणारे दुकानदार सापडतात. मात्र प्रायोजकाचं नाव फोटोवर छापायचं नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

८. अहवाल आणि फोटोंना काम देणं

अहवाल दोन पानांपेक्षा मोठा नको. किती फोटो आले, किती जणांनी पहिल्यांदाच चढवले, कुठल्या स्मारकांचे पूर्वी एकही फोटो नव्हते, किती बाद झाले आणि का. शेवटचे दोन आकडे सगळ्यांत उपयोगाचे, आणि तेच लोक गाळतात.

मग फोटो लेखांत लावा. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तरी आपल्या भागातल्या कितीतरी गडांच्या आणि मंदिरांच्या लेखांत चित्र नाही किंवा धूसर आहे. एका रविवारी चार-सहा जण बसा: एकाने तासगावच्या गणपती मंदिराचं गोपूर घ्यावं, एकाने मिरजेचा मीरासाहेब दर्गा, एकाने आगाशिवची लेणी. लेखाला एक चित्र पुरे. एकाच लेखात आठ चित्रं कोंबली की दुसरे संपादक ती काढतात, आणि ते बरोबरच आहे. कुठला फोटो कुठल्या भाषेतल्या लेखात वापरला गेला हे ग्लॅमरस या साधनात वर्गाचं नाव टाकून बघता येतं. हा आकडा महिन्याभराने घ्या, लगेच घेतला तर शून्यच दिसेल.

९. माहिती पुसा, किल्ल्या सोपवा

नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये लोकांचे फोन नंबर, पत्ते, विजेत्यांचे बँक तपशील असतात. बक्षिसं पोचली आणि हिशेब मंजूर झाला की हिशेबापुरतं तेवढं ठेवून बाकीचं काढून टाका. जिल्ह्यातल्या कुठल्या तरी नवीन फोटो क्लासच्या जाहिरातीसाठी ती यादी मागायला लोक येतात. द्यायची नाही.

स्प्रेडशीट, मोंटाजमधलं समन्वयकपद आणि मेलचा पासवर्ड पुढच्या वर्षीच्या दोघांच्या नावावर करून द्या, आणि ते दोघे अजून ठरले नसतील तर दिवाळी संपायच्या आत ठरवा.